पंक्तीतला विनोद

गेल्या हिवाळ्यात नातेपुत्यास एका परिचितांच्या घरी दुपारच्या भोजनास बसण्याचा योग आला. निमित्त व्याख्यानमालेचे होते. आदल्या सायंकाळी ज्यांचे भाषण झाले, ते पुण्याचे कादंबरीकार मुख्य पाहुणे होते. त्यांचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न एका व्यक्तीचा नसून एका वृत्तीचा आहे. ओसरीवर पंगत बसली होती. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि तिखट आमटी असा आपल्या सोलापुरी वळणाचा बेत होता. जेवता जेवता आदल्या दिवशीचाच विषय पुन्हा निघाला : अमेरिकेतील वर्णभेदावरची उपहासात्मक कादंबरी.

पाहुणे रंगून सांगत होते आणि ते जे सांगत होते ते ऐकण्यासारखे होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाची 'इरेजर' ही कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक स्वतः कृष्णवर्णीय कादंबरीकार आहे, प्राध्यापक आहे, ग्रीक पुराणांवर लिहितो. त्याची पुस्तके खपत नाहीत, कारण प्रकाशकांच्या मते ती पुरेशी 'काळी' नाहीत. संतापून तो टोपणनावाने एक भडक, शिवराळ, गुन्हेगारीने भरलेली कादंबरी लिहितो. गोऱ्या वाचकाला काळ्या माणसाबद्दल जे जे ऐकायला आवडते ते सारे तीत कोंबतो. उद्देश थट्टेचा. पण प्रकाशक ती थट्टा खरी मानून डोक्यावर घेतात, प्रचंड रक्कम देतात. पुस्तकाचे शीर्षक एक शिवी असावे असा हट्ट तो धरतो, तोही मान्य होतो. शेवटी ज्या पुरस्कार समितीवर तो स्वतः परीक्षक असतो, तीच समिती त्या पुस्तकाला पुरस्कार देते! या कादंबरीवरून निघालेल्या 'अमेरिकन फिक्शन' या चित्रपटाच्या पटकथेला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. पुढे पॉल बेट्टी यांच्या 'द सेलआउट'ची गोष्ट निघाली. तिच्यात एक कृष्णवर्णीय माणूसच आपल्या वस्तीत गुलामगिरी आणि वेगळ्या शाळा पुन्हा सुरू करू पाहतो आणि सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहतो. या कादंबरीला २०१६ चे मॅन बुकर पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे बेट्टी हे पहिले अमेरिकन लेखक.

सारे ऐकून झाल्यावर पाहुण्यांनी आदल्या दिवशीच्या भाषणातील आपला निष्कर्ष पुन्हा मांडला. आपल्या समाजाला स्वतःवर हसता येत नाही. हिंदू समाजाच्या रक्तातच आत्मपरीक्षण नाही. ही कला पश्चिमेकडूनच शिकावी लागेल. पंगतीतील दोघातिघांनी माना डोलावल्या.

नेमके याच वेळी यजमानांनी माझ्या शेजारी बसलेल्या तरुण शिक्षकाकडे मोर्चा वळवला. यजमान सज्जन, अगत्यशील आणि विचाराने सुधारकी. त्यांनी विचारले, "सर, आडनाव काय म्हणालात आपलं?" शिक्षकाने सांगितले. ते आडनाव चार-पाच जातींत आढळते, त्यामुळे काम भागेना. "मूळ गाव?" गाव सांगितले. "म्हणजे तालुका कोणता?" तालुका सांगितला. "गावात घर कुठल्या अंगाला?" तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "आता फाट्यावर बांधलंय." फाट्यावर घर कोणीही बांधतो, तेव्हा तेही निरुपयोगी. "बरं, सासुरवाडी?" या ठिकाणी उलगडा झाला. यजमानांच्या चेहऱ्यावर समाधान आले आणि त्यांनी मोठ्या प्रेमाने त्याला आणखी आमटी वाढवली. अपमानाचा एक शब्दही कोणी उच्चारला नाही. त्या तरुणाच्या चेहऱ्यावरील हसू मात्र पूर्ण सरावाचे होते. हे प्रश्न याच क्रमाने त्याला कितव्यांदा विचारले जात होते कोण जाणे.

उपहासाचे जाणकार पाहुणे त्या वेळी 'द सेलआउट'च्या शेवटाविषयी बोलत होते. त्यांच्या ताटापासून दोन हातांवर मराठीतील अव्वल उपहासकथा घडली आणि तिचा त्यांना पत्ताही लागला नाही. आणि मी? मला सारे दिसले, पण मी बोललो नाही. यजमानांचा मान राखला असे म्हणून मला सुटता येईल. खरे कारण असे की, उत्तर ऐकण्याची उत्सुकता मलाही होती.

म्हणून हा लेख पाहुण्यांच्या विरुद्ध आहे तितकाच स्वतःच्याही विरुद्ध आहे.

प्रथम पाहुण्यांचा आक्षेप घेऊ. हिंदू समाजाला स्वतःवर हसता येत नाही, हे विधान कोठे केले जात होते? नातेपुत्यात! आषाढ वारीत श्री ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण, बरड करीत धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम नातेपुत्यास पडतो. वारीच्या मुक्कामांवर रात्री दिंड्यांतून भारुडे होतात. ही भारुडे ज्या नाथांची, ते पैठणचे एकनाथ महाराज जन्माने ब्राह्मण. सोळाव्या शतकात या ब्राह्मणाने भारुडात कोणाला उभे केले? जोहार घालणाऱ्या महाराला. आणि त्या महाराच्या तोंडून काय वदवले? गावाचा, देहाचा, अहंकाराचा हिशेब. ब्राह्मण आणि महार यांचा संवाद त्यांनी रचला, त्यात ज्ञान सांगणारा महार आहे आणि शुद्धतेच्या अभिमानाने चिडलेला ब्राह्मण आहे. शहाणपणाची बाजू कोणाकडे आणि हसे कोणाचे, हे खेड्यातील निरक्षर श्रोत्यालाही विचारावे लागत नाही. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी अंत्यजांना जेवू घातला आणि त्यावरून पैठणच्या ब्रह्मवृंदाने बहिष्कार घातला, ही कथा त्यांच्या चरित्रकारांनी जपून ठेवली आहे. पंक्तीत कोण बसेल हा प्रश्न नाथांनी आधी ताटात सोडवला आणि मग लेखणीत. याला आत्मपरीक्षण म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

पुढे या. १८६९ साली महात्मा फुले यांचे 'ब्राह्मणांचे कसब' आले आणि १८७३ साली 'गुलामगिरी'. हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी कष्ट घेतले त्यांना अर्पण केले. म्हणजे काळ्या गुलामाचे दुःख आणि आपल्या शूद्रातिशूद्राचे दुःख एकमेकांशेजारी ठेवण्याचे काम मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच झाले आहे, त्यासाठी कोणाला ऑस्करची वाट पाहावी लागली नाही. त्या पुस्तकाचा घाट संवादाचा, आणि धार उपहासाची. त्यातील दशावतारांची चिरफाड आपल्यातील पुष्कळांना आजही बोचते. मलाही बोचते. बाहेरून आलेल्या आर्यांचा जो सिद्धान्त त्यांनी पायाशी घेतला, तो त्या काळच्या युरोपीय पंडितांचा होता आणि पुढे खुद्द डॉ. आंबेडकरांनी तो नाकारला. पण कुणब्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगाला हात पसरणाऱ्या भटजीचे जे चित्र जोतीरावांनी काढले, ते खोटे होते असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव आपल्या घरोघरी आहे. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतील त्यांचे कार्य म्हटले की आपल्याला १९३१ चे पतितपावन मंदिर आठवते, सहभोजने आठवतात, १९३३ चे अखिल हिंदू उपाहारगृह आठवते. पण त्या सर्वांच्या बरोबरीने त्यांची बोचरी लेखणी चालली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. रोटीबंदी, बेटीबंदी, स्पर्शबंदी यांना त्यांनी 'स्वदेशी बेड्या' म्हटले. आपण घातलेल्या, आपल्याच लोहाराने घडवलेल्या बेड्या! या दोन शब्दांत जेवढा उपहास आहे तेवढा काही जाडजूड कादंबऱ्यांत नसतो. अस्पृश्यतेवर त्यांनी 'उःशाप' हे नाटकच लिहिले. प्रबोधनकार ठाकरे यांनी नाथांच्याच चरित्रावर 'खरा ब्राह्मण' लिहून शीर्षकातच कोपरखळी मारली. तेव्हा पश्चिमेकडून ही कला शिका, असे सांगणाऱ्या विद्वानांनी आधी स्वतःच्या घराचे कपाट उघडावे.

आता दुसरा मुद्दा, जो पाहुण्यांच्या साऱ्या बोलण्यामागे होता : जात म्हणजेच वंशभेद, हिंदू समाज म्हणजे दक्षिण अमेरिकी संस्थानांची भारतीय आवृत्ती. हे समीकरण नवे नाही. २००१ साली डर्बन येथील वंशविद्वेषविरोधी जागतिक परिषदेत जात हा विषय त्या नावाखाली घालण्याचा प्रयत्न झाला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. २०२० साली इझाबेल विल्करसन यांनी 'कास्ट' हे पुस्तक लिहून अमेरिकेतील वर्णभेदालाच 'जात' म्हटले, आणि आपल्याकडे त्याचे कौतुक झाले. पण या विषयाचा सर्वांत मोठा अभ्यासक काय म्हणतो? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचताना आणि १९३६ साली जातिनिर्मूलनाचे न दिलेले भाषण छापताना डॉ. बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, जात ही वंशाची विभागणी नव्हे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चर्मकार हे एकाच वंशाचे आहेत. मद्रासचा ब्राह्मण पंजाबच्या ब्राह्मणाचा वंशबंधू नाही. याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला, हेही खरे आहे. दुःखाचे नाते त्यांनी ओळखले, पण रोगाचे निदान वेगळे ठेवले. वैद्याने असेच करायचे असते.

मात्र येथे आपल्या बाजूच्या मंडळींनी घाईने टाळ्या पिटू नयेत. जात म्हणजे वंश नव्हे, या वाक्यावर आपल्यातील कित्येकांचे वाचन थांबते, जणू वंश नव्हे म्हणून जात निरुपद्रवी ठरली! बाबासाहेबांचे म्हणणे नेमके उलट होते. एकाच रक्ताच्या, एकाच भाषेच्या, एकाच देवाच्या माणसांत ज्या अर्थी भिंती उभारल्या गेल्या, त्या अर्थी त्या निसर्गाने नव्हे, माणसाने उभारल्या, आणि त्या पाडण्याची जबाबदारी टाळायला कोणालाही जागा उरत नाही. डर्बनमध्ये आपण तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतो. घरी परतल्यावर काय केले, हा प्रश्न उरतोच.

आणि म्हणूनच वर्णभेदावरचा उपहास जसाच्या तसा मराठीत आणता येणार नाही. अमेरिकेत कातडी दुरून बोलते. आपल्याकडे कातडी काही सांगत नाही, त्यामुळे जीभ कामाला लागते. आडनाव, गाव, आळी, सोयरीक, देवक, दिवाळीतले पदार्थ, मटणाचा वार, आजीचे लुगडे नेसणे, या सगळ्यांतून सभ्य माणूस सभ्यपणे शोध घेत राहतो. नातेपुत्याच्या ओसरीवर पाहिलेला तो प्रश्नांचा क्रम अमेरिकेतील लेखकाला सुचणारच नाही. तो आपल्यालाच लिहिता येईल. मग तो आपल्या साहित्यात इतका विरळ का?

याच माळशिरस तालुक्यातील अकलूज हे द. मा. मिरासदारांचे जन्मगाव. १९२७ चा जन्म, २०२१ मध्ये निधन. १९९८ च्या परळी वैजनाथ येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. त्यांनी, शंकर पाटलांनी आणि व्यंकटेश माडगूळकरांनी कथाकथनाने अवघा महाराष्ट्र हसवला. मिरासदारांच्या भोकरवाडीवर माझे प्रेम आहे, प्रवासात त्यांचे पुस्तक मी आजही बरोबर घेतो. तरीही म्हणावेसे वाटते की, चावडी, पार, शाळा, पोलीस ठाणे यांवर मनमुराद हसणारी ती लेखणी जातीच्या उतरंडीवर क्वचितच थबकली. माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसे'त उतरंडीच्या तळची माणसे आहेत, त्यांच्याविषयी अपार करुणा आहे. उतरंडीच्या वरच्या टोकाला चिमटा नाही. मध्यमवर्गीय वाचकाला हसायचे होते, ओशाळायचे नव्हते. लेखकांनी त्याची सोय पाहिली.

दलित साहित्याने तो चिमटा काढला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग, एक गावकुसाबाहेरचा आणि एक शहरातला सुशिक्षित, आणि दोघांत एकमेकांविषयी एक तिरकस हसू आहे. आपण ते हसू वाचलेच नाही. आपण फक्त रडणे वाचले, हळहळलो आणि पुस्तक कपाटात ठेवले. एव्हरेटच्या कादंबरीतील प्रकाशक यापेक्षा वेगळे काय करतो? शोषिताने आम्हाला फक्त त्याची जखम दाखवावी, बुद्धी दाखवू नये, ही अपेक्षा न्यूयॉर्कमध्ये आहे तशी पुण्याच्या सदाशिव पेठेतही आहे, आणि विद्यापीठांतील पुरोगामी चर्चासत्रांत तर ती सर्वांत जास्त आहे. तेथे जखमेवर निबंध वाचले जातात, मानधन मिळते. जखमी माणूस विनोद करू लागला की त्याला ओळखेनासे होतात.

आणि उपहास कोणी केलाच, तर आपण काय करतो? १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले आणि पुण्यातील ब्राह्मणांच्या भावना दुखावल्या. नाटकाला विरोध झाला. २०१२ साली शंकर यांचे १९४९ चे एक जुने व्यंगचित्र पाठ्यपुस्तकात आढळले, आंबेडकरांच्या अनुयायांच्या भावना दुखावल्या आणि पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. २०१६ साली मराठा मूक मोर्चांवरील एका व्यंगचित्राने मराठा समाजाच्या भावना दुखावल्या, 'सामना'च्या कार्यालयावर दगड पडले आणि शेवटी दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिन्ही प्रसंगांत कोणाची बाजू किती खरी होती, हा वाद येथे उकरायचा नाही. ते व्यंगचित्र मलाही रुचले नव्हते. पण क्रम पाहा. सर्वांत वरचे, सर्वांत खालचे आणि गावाचे कारभारी, सारे एकेकदा दुखावून झाले. दुखावण्याच्या बाबतीत हिंदू समाजात पूर्ण समरसता नांदते आहे!

या उलट घरातील दिवाणखान्यात काय चालते? आरक्षणावरचे विनोद. भ्रमणध्वनीवर सकाळी सुप्रभातबरोबर येणारे, एका विशिष्ट समाजाच्या बुद्धीची टर उडवणारे विनोद. ते पुढे पाठवताना आपल्यातील सज्जनांचे बोट थरथरत नाही. हा उपहास नव्हे. नाथांचा विनोद स्वतःच्या जातीवर होता, खालच्या माणसाच्या बाजूने होता. हा विनोद वरच्या माणसाने खालच्याच्या पाठीवर मारलेला कोरडा आहे. जो कार्यकर्ता शाखेत जात विचारीत नाही आणि त्याचा रास्त अभिमान बाळगतो, त्याने आपल्या भ्रमणध्वनीतील गेल्या आठवड्याचे संदेश एकदा वाचून पाहावेत. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेविषयी जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, तिची पुस्तिका आपण हजारोंनी वाटली. विवाहमंडळाचा अर्ज भरताना पोटजातीच्या रकान्यापाशी आपले पेन मात्र अजून अडत नाही.

काही जण म्हणतील, समाज आधीच फुटलेला असताना जातीवर हसून आणखी फूट कशाला पाडायची? प्रश्न प्रामाणिक आहे, मी तो शाखेच्या बैठकांतही ऐकला आहे. पण वारीच्या अनुभवाकडे पाहा. मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. आत जाण्याचा अधिकार त्यांना जिवंतपणी मिळाला नाही. त्यांच्या समाजासाठी ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. शतकानुशतके ज्यांनी ते दार बंद ठेवले, त्यांच्यावर कोणी हसत नव्हते. सारे गंभीर होते, शास्त्राधार देत होते. त्या गांभीर्याने समाज जोडला गेला काय? भारुड ऐकून कोणत्या दिंडीत फूट पडली, हेही कोणी दाखवून द्यावे.

नातेपुत्याहून परतल्यावर मी त्या तरुण शिक्षकाला पत्र लिहिले. ओसरीवरील प्रसंगाबद्दल क्षमा मागितली आणि सुचवले की, आडनावापासून सासुरवाडीपर्यंतचा तो सारा प्रवास त्याने स्वतः, त्याच्या पद्धतीने, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता लिहावा. त्यात मीही असलो तरी चालेल. चार ओळींचे उत्तर आले. लिहून तयार आहे, असे त्याने कळवले होते. तीन वर्षांपूर्वीच लिहिले आहे. पंगतीत बसलेल्या सर्वांची त्यात थट्टा आहे, यजमानांची, पाहुण्यांची, आणि सासुरवाडीचे नाव एकदाचे सांगून मोकळ्या होणाऱ्या त्याची स्वतःचीही. शेवटी त्याने विचारले होते : "तुमचे साप्ताहिक छापेल का?"

ते पत्र मी या लेखासोबत संपादकांकडे पाठवीत आहे.